पाचव्या प्रकरणातली शिफारस

आमच्या बेटावरच्या शाळेच्या फाटकावर एक पाटी आहे. वर शाळेचं नाव, त्याखाली 'मुख्याध्यापक', पुढे 'एस्मेराल्दा बुगाय' आणि मग कंसात 'प्रभारी'. हा कंस तिथे इतकी वर्षं होता की पहिलीतली पोरं त्याला मॅमचं आडनाव समजायची. सकाळी झेंडा वर गेला की सगळी एका सुरात ओरडायची, "गुड मॉर्निंग, मॅम एस्मे प्रभारी!" मॅम हसायच्या. पण कपाळावरची एक शीर तेवढी टरारून उठायची.

प्रभारी म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. वादळात छप्पर उडालं की पत्रे कोण आणणार, तर प्रभारी. पोरगं शाळेत येईना झालं की त्याच्या बापाला समुद्रावर गाठून कोण झापणार, प्रभारी. आणि पलीकडे मोठ्या गावात शिक्षण कचेरीची बैठक असली की पुढच्या रांगेत खऱ्या मुख्याध्यापकांच्या खुर्च्या, त्यांना पांढरे अभ्रे, हातात पाण्याची बाटली. प्रभारींनी मागे बसायचं, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे. मॅमनी विचारलं की कचेरीचं उत्तर ठरलेलं, "आधी पदवी घ्या, मग बघू."

म्हणून मॅम एस्मेंनी पन्नाशीच्या तोंडावर शैक्षणिक प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. त्यांना काही मोठं व्हायचं नव्हतं. त्यांना त्या पाटीवरचा कंस पुसायचा होता. एवढंच.

मी रूफिनो. चौथी, पाचवी, सहावी एकाच खोलीत शिकवतो. हीच पदवी मीही सुरू केली होती. वर्ग झाले, परीक्षा झाल्या, फक्त प्रबंध राहिला. आमच्याकडे या अवस्थेलाही मान आहे. नावापुढे रीतसर लिहितात, 'पदव्युत्तर, प्रबंध बाकी'. मीही लिहितो. लाज कसली, निम्मा प्रांत लिहितो. कुणाच्या प्रबंधाला दाढी फुटली, कुणाचा निवृत्त व्हायला आला, पण बाकी तो बाकीच.

दर शनिवारी पहाटे मॅम पंप बोटीनं, म्हणजे पाण्याच्या पंपाचं इंजिन जोडलेल्या होडीनं, पलीकडे जायच्या. चांगले बूट प्लास्टिकच्या पिशवीत, पायात रबरी चपला. भरती असली की स्कर्ट गुडघ्यापर्यंत भिजलेला. पहिल्याच सत्रात डॉक्टर फॉर्तुनाता यांनी सगळ्यांना विचारलं, विशेष विषय कोणता घेणार? या डॉक्टर म्हणजे आठवडाभर कचेरीतल्या साहेब आणि शनिवारी आमच्या प्राध्यापक. कुणी वित्त म्हणालं, कुणी मनुष्यबळ. मॅम एस्मे म्हणाल्या, "लहान आणि दुर्गम शाळांचं प्रशासन."

वर्ग फिस्सकन हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो मॅम, ते तर तुम्ही रोजच करता. पाण्यातल्या माशानं पोहण्याची पदवी घ्यायची?"

"मासा पोहतो ते कुणी मानतं," मॅम म्हणाल्या. "माझं कुणी मानत नाही. सही-शिक्का पाहिजे."

डॉक्टर फॉर्तुनातांना ते फार आवडलं. त्यांना सगळंच फार आवडतं. त्या स्वतः अशा एखाद्या शाळेत शेवटच्या कधी गेल्या होत्या ते त्यांनाही आठवत नसेल, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

प्रबंधाचा विषय ठरला: लहान शाळांतल्या प्रभारींच्या अडचणी. मॅम बोटीबोटीनं आसपासच्या बेटांवर फिरल्या, प्रभारींना प्रश्न विचारत. एकानं म्हणे 'तुमची मुख्य अडचण कोणती?' या प्रश्नाखाली 'हा प्रश्न' असं लिहून दिलं. चार प्रकरणं झाली आणि मग आलं पाचवं, शिफारशींचं. तिथे मॅमनी आपला सगळा जीव ओतला. मला वाचून दाखवलं: "प्रशासनाची विशेष पदवी पूर्ण करणाऱ्या प्रभारींना त्याच शाळेत विनाविलंब पूर्ण मुख्याध्यापकपद द्यावे."

"झकास," मी म्हटलं. "पण मॅम, एवढं जिवाला लावून घेऊ नका. शिफारशी कोण वाचतंय? विद्यापीठाच्या कपाटात वाळवी वाचते, तीही पहिल्या प्रकरणातच झोपते."

"तुझा झाला असता म्हणजे कळलं असतं, प्रबंध बाकी," त्या म्हणाल्या. 

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला परीक्षकांना जेवू घालायचं ही आमच्याकडची रीत. प्रश्न कठीण की सोपे हे प्रबंधापेक्षा जेवणावर ठरतं, असं जुनेजाणते सांगतात. मॅमचा नवरा बेर्तिंग कोळी, बोलायला कमी, पण बायकोच्या पदवीसाठी त्यानं जाळं टाकलं आणि हे एवढाले खेकडे आणले. नारळाच्या दुधात शिजवले. सोबत पान्सितच्या शेवया, तांदळाची गोड बिको. डबे घेऊन मी आणि बेर्तिंग खोलीबाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं.

दोन परीक्षकांचं लक्ष डब्यांकडे होतं. डॉक्टर फॉर्तुनाता मात्र मन लावून पानं उलटत होत्या. पाचव्या प्रकरणावर त्या थांबल्या.

"एस्मेराल्दा, हे 'त्याच शाळेत' काय आहे?"

"म्हणजे डॉक्टर, जिथं तो प्रभारी आहे तिथंच..."

"कळलं गं मला. पण यात तुझा स्वार्थ दिसतो. संशोधन कसं हवं? निरपेक्ष! शिफारस सगळ्यांना लागू पडली पाहिजे. हे दोन शब्द काढ. बघ वाक्य कसं सुटसुटीत होतं."

मॅमनी उघड्या दारातून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. कोण वाचतंय? दुसरे परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले, "एवढी एक दुरुस्ती केली की माझ्याकडून उत्तीर्ण." खेकडे गार होत होते. मॅमनी पेन घेतलं आणि दोन शब्द खोडले. टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी खेकड्याचा नांगा फोडत बेर्तिंगला सांगितलं, "तुमच्या बायकोचा प्रबंध फार मोलाचा आहे हो!" बेर्तिंग त्या दिवशी जेवला नाही. नुसता सगळ्यांची तोंडं बघत हसत उभा होता.

पदवीदान झालं आणि धक्क्यावर फ्लेक्स लागला. त्यावर महापौरांचा हसरा चेहरा ताटाएवढा, त्यांच्या बायकोचा बशीएवढा, आणि खाली कोपऱ्यात चौकोनी टोपी घातलेल्या मॅम, बटणाएवढ्या. पण नाव ठळक होतं आणि नावापुढे कंस नव्हता. मॅम बोटीतून उतरल्या की उगाच बुटाची लेस बांधायला फ्लेक्ससमोर थांबायच्या. बुटाला लेस नव्हती.

मग शाळेत मेजवानी. आख्खं डुक्कर भाजलं, बेट लोटलं. डॉक्टर फॉर्तुनाता स्वतः बोटीनं आल्या. पाणी उथळ म्हणून बोट धक्क्यापर्यंत येत नाही; दोघांनी त्यांना उचलून कोरड्यावर ठेवलं. डुकराची कातडी कुरकुरीत असतानाच त्यांनी माइक मागितला.

"आजपर्यंत," त्या म्हणाल्या, "आपल्या प्रांतात प्रबंध लिहिले जातात आणि कपाटात जातात. मी ठरवलं, हे बदलायचं. मी एस्मेराल्दाची शिफारस कचेरीतल्या मोठ्या साहेबांपुढे ठेवली. आणि साहेबांनी ती जशीच्या तशी मंजूर केली!"

टाळ्यांचा कडकडाट. मॅमनी माझा दंड धरला. "रूफो, वाचलं रे! कुणीतरी वाचलं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

"आणि पहिली नेमणूक," डॉक्टर पुढे म्हणाल्या, "अर्थातच शिफारस करणारीची! एस्मेराल्दा बुगाय, पूर्ण मुख्याध्यापिका... मोंतेआल्तोची मध्यवर्ती शाळा!"

मोंतेआल्तो आमच्या प्रांताच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरात. तिथल्या नुसत्या एका इयत्तेत आमच्या आख्ख्या शाळेपेक्षा जास्त पोरं. टाळ्या विरत गेल्या. फक्त महापौरांचा माणूस वाजवत राहिला, त्याला तेच काम होतं.

मॅम पुढे झाल्या. "डॉक्टर, मला इथं पाहिजे होतं. याच शाळेत."

"अगं, पण इथं मुख्याध्यापकाचं पदच बसत नाही! शाळा केवढीशी! पूर्ण मुख्याध्यापक मोठ्या शाळेलाच मिळतो. आणि तू 'त्याच शाळेत' कुठं लिहिलंयस?"

"लिहिलं होतं. तुम्ही काढायला लावलं."

 डॉक्टरांचा चेहरा उजळला. "बघ, म्हणूनच तर ती मंजूर झाली!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मी विचारलं, "मग या शाळेचं काय?"

"इथं प्रभारी चालतो. पदवी नसलेला ज्येष्ठ शिक्षक." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमचा प्रबंध बाकी आहे ना अजून? छान. घाई करू नका."

रात्रभर मी मॅमना सांगत होतो, नाही म्हणा. "स्वतःच शिफारस करायची आणि स्वतःच पाय मागे घ्यायचा?" त्या म्हणाल्या. "बाकीचे प्रभारी काय म्हणतील? त्यांची नावं माझ्यामागं रांगेत आहेत. मी नाही म्हटलं तर साहेब म्हणतील, या लोकांना पद नकोच आहे." आणि मग हळूच, "आणि रूफो, मुख्याध्यापिका मला व्हायचंच होतं रे. ते खोटं कसं सांगू?"

बेर्तिंग जाळं आवरत बसला होता. तो म्हणाला, "डोंगरात मी काय पकडू? कोंबड्या?" आम्ही हसलो. तो हसला नाही. बोट विकायची नाही, भावाकडे ठेवायची, एवढंच त्यानं ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी रंगारी पाटी घेऊन गेला होता, तो विचारायला आला. "मॅम, सगळंच खरवडू?"

"नाव तेवढं बदल," मॅम म्हणाल्या. "कंसाचा रंग अजून चांगला आहे."

मी आठवडाभर पोरांना पढवत होतो. मॅम आता प्रभारी नाहीत, खऱ्याखुऱ्या मुख्याध्यापिका आहेत, धक्क्यावर नीट म्हणायचं, 'गुड बाय, मुख्याध्यापिका मॅम!' पहिलीच्या पोरांची जीभ त्या शब्दात अडकायची, तरी शेवटी बसलं. तेवढं तरी मॅमना आमच्या बेटाकडून मिळावं, असं मला मनापासून वाटत होतं.

सगळं गाव धक्क्यावर. बेर्तिंगनं कपड्यांच्या पिशव्या आणि भाताचं पातेलं बोटीत ठेवलं. मॅम पाण्यात उतरल्या, चांगले बूट प्लास्टिकच्या पिशवीत. मी हात वर करून खूण केली. पोरांनी माझ्याकडे बघितलं, मॅमकडे बघितलं, आणि सगळी एका सुरात ओरडली, "गुड बाय, मॅम एस्मे प्रभारी!"

मी कपाळावर हात मारला. मॅम गुडघाभर पाण्यात थांबल्या. मागे वळल्या. मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं. ती शीर उठली नव्हती.

"पुन्हा म्हणा," मॅम म्हणाल्या.