शिंगाची पाचर

“ही टाच गेली,” ऊलकानने रबरी हातोडा खाली ठेवला. “सहा नंबर आज बाहेर जाणार नाही.”

रिस्पेकने चहाची वाटी खिडकीत ठेवली आणि वाकून पाहिलं. बाकावरच्या व्हाइसमध्ये स्की आवळलेली होती आणि तिच्यावर बूट अडकवलेला होता. बूट धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगच्या मागच्या तुकड्यावर, म्हणजे टाचेवर, एक बारीक काळी रेघ होती.

“जेंगे, चीर कसली, केस पडलाय तुझा.”

“माझे केव्हाच पांढरे झाले. डोळे पूस आणि नीट बघ.”

रिस्पेक तिचा धाकटा दीर; जेंगे म्हणजे वहिनी. दीर-भावजयीची ही थट्टा सत्तावीस वर्षं चालू होती. पण आज तो मनापासून हसला नाही. बाहेर आठ पाहुणे चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या पोटाला फर चिकटवत उभे होते, आणि मोसमातली ही शेवटची फेरी होती. उद्यापासून ऊन बर्फ सैल करणार आणि आक-बेलची खिंड पुढच्या हिवाळ्यापर्यंत बंद.

आमच्या जिर्गालान गावात कोळशाची खाण चालू होती तेव्हा ऊलकान दिव्यांच्या खोलीत कामाला होती. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचा दिवा तपासून हातात द्यायचा आणि बदल्यात त्याचा पितळी बिल्ला घ्यायचा. खाण बंद पडली, डोंगर फिरायला स्कीवाले परदेशी येऊ लागले, तसे तिने तेच बिल्ले स्कीच्या खोलीत आणले आणि तीच रीत चालू केली: पाहुण्याने बिल्ला द्यायचा, मग जोडी न्यायची. तिच्या हाताखालून न गेलेली जोडी डोंगरावर जात नसे. तपासणीत नापास झालेली बाइंडिंग ती मागच्या भिंतीला खिळ्याने टांगून खाली खडूने मरणाचं कारण लिही. ‘दगड.’ ‘उणे तीस, प्लास्टिक तडकलं.’ ‘पाहुणा वर बसला.’ लोक तिला चेंगट म्हणत, पण तोंडावर कोणी म्हणत नसे.

आणि गंमत पाहा, अकरा हिवाळे लोकांच्या पायांना डोंगर बांधून देणारी ही बाई स्वतः कधी आक-बेलला गेली नव्हती. तिथे नवरा जायचा, सागिन्दिक. खिंडीतून पलीकडे बर्फाची एकामागून एक सात शिखरं दिसतात, हे त्याने तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी ती म्हणायची, आठवं दिसलं तर सांग. दोन वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. हा सबंध हिवाळा तिने त्रेसष्टाव्या वर्षी, गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या बांधून, रिकामी असेल त्या जोडीवर गाईंच्या कुरणात सराव केला होता. आज ती निघणार होती, सागिन्दिकच्या एक नंबरच्या जोडीवर. बोरसोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पुरचुंडी बांधून दाराशी तयार होती.

“सहा नंबरच्या पाहुणीला सांगतो, राहा म्हणून,” रिस्पेक म्हणाला. “पोलंडची डॉक्टरीण आहे, समजून घेईल. तू चल.”

“ती सहा दिवस प्रवास करून आलीय. मोडलं आपलं, आणि शिक्षा तिला?”

“मग?”

ऊलकानने एक नंबरच्या खिळ्याकडे पाहिलं. मग तिने ती जोडी काढली आणि व्हाइसमध्ये लावली. “तिला ही देते.”

“आणि तू?”

“मी काय, इथलीच. डोंगर कुठे पळून चाललाय?” तिने उगाच व्हाइस आणखी आवळला.

“बरं, मग दे लवकर. ही कशाला तपासतेस? दादाची आहे. चौदा हिवाळ्यांत मोडली नाही.”

खरं होतं. एवढी एकच जोडी तिने कधी तपासली नव्हती. न मोडणाऱ्या वस्तूला काय तपासायचं? पण आता त्यावर पाहुणीचा पाय जाणार होता. तिने बूट अडकवला आणि हातोड्याचा एक हलका टोला बुटाच्या बाजूला दिला.

बूट सुटून जमिनीवर पडला.

तिने पुन्हा अडकवला. या वेळी नुसत्या तळहाताने ढकलला. पुन्हा सुटला. बुटाचं नाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्याच्या स्प्रिंगांत जीवच उरला नव्हता. दुसऱ्या स्कीचीही तीच गत.

“पण तो यावर उतरायचा कसा?” ती स्वतःशीच म्हणाली. “पहिल्याच वळणाला पाय सुटला असता.”

रिस्पेक खिडकीबाहेर बघत होता.

त्या चिमट्यांना चामड्याच्या दोरीने मेंढ्याच्या शिंगाचा एकेक तुकडा बांधलेला होता. दृष्ट लागू नये म्हणून, असं सागिन्दिक सांगायचा, आणि ती हसून सोडून द्यायची. आता तिने एक तुकडा हातात घेतला. एका बाजूला जाड, एका बाजूला निमुळता, कानशीने घासून गुळगुळीत केलेला. चिमट्याच्या पुढच्या कळीखाली तो तिने सरकवला. चपखल बसला. तिने टोला दिला, मग जोरात दिला. बूट हलला नाही.

चढताना ती कळ वर ओढून चिमटा कुलूपबंद करतात आणि उतरताना खाली दाबतात, म्हणजे पडलं तर पाय सुटतो. नाही सुटला तर गुडघा तरी जातो, नाहीतर वरून बर्फ कोसळला की स्की माणसाला आत ओढून नेते. कळ खाली दाबल्याशिवाय उतरायचं नाही, हा धडा गावातल्या प्रत्येक वाटाड्याकडून सागिन्दिकनेच घोकून घेतला होता. आणि तोच कळीखाली पाचर ठोकून उतरत होता.

“किती वर्षं?” तिने विचारलं.

“जेंगे—”

“किती?”

“चार. त्याने शपथ घातली होती मला. म्हणाला, तिला कळलं तर ती भिंतीवर टांगेल.”

“टांगलीच असती.”

“आणि दुसरी जोडी होती कुठे? तो चुलीपाशी बसून मेला असता.”

“शेवटी घरातच मेला ना!” ती ओरडली. बाहेरचे पाहुणे काचेतून आत बघू लागले, तसा तिने आवाज खाली आणला. “आणि आज मला याच जोडीवर नेणार होतास? कुलूप लावून?”

“सोप्या वाटेने नेणार होतो. तुझ्या मागेच राहणार होतो मी, हातभर अंतरावर. तुझा एवढा जीव गुंतला होता, मला सांगवेना.”

 नवऱ्याचा ऊलकानला इतका राग आला होता की तो समोर असता तर हातोडाच फेकला असता. आणि त्याच वेळी, चार हिवाळे दर संध्याकाळी हातपाय शाबूत घेऊन दारात उभा राहणारा तोच तिला आठवत होता. तिने नाक पुसलं आणि सागिन्दिकच्या बाइंडिंगच्या टाचा तपासायला घेतल्या. त्या ठणठणीत होत्या. सहा नंबरचे पुढचे चिमटे चांगले होते. दोन्ही जोड्या एकाच जातीच्या.

“स्क्रू-ड्रायव्हर दे,” ती म्हणाली.

सोळा स्क्रू काढले, सागिन्दिकच्या टाचा सहा नंबरवर चढवल्या आणि आठ बसवले. मागे-पुढे सरकवून टाच बुटाला जुळवली आणि दोन्ही स्कीवर दहा-दहा टोले दिले. बूट सुटायला हवा तेव्हाच सुटला. मग तिने डॉक्टरणीला बोलावून बिल्ला घेतला, स्की दिली, आणि बोरसोकची पुरचुंडीही तिच्या हातात ठेवली.

“जेंगे, पुरचुंडी तरी ठेव,” रिस्पेक म्हणाला.

“खिंडीत खायला केलेत. खिंडीतच खा.”

माणसं निघाली. ऊलकान दारात उभी राहून, रांग बर्चच्या झाडांआड जाईपर्यंत बघत होती. मग आत येऊन तिने गुडघ्यांच्या पट्ट्या सोडल्या.

चारच्या सुमाराला सगळे परतले. डॉक्टरीण लालबुंद झाली होती. तिने सात बोटं दाखवली आणि छातीवर हात ठेवला. ऊलकानने मान हलवली, तिचा बिल्ला परत दिला, आणि सहा नंबर लगेच व्हाइसला लावून टाच पुन्हा तपासली.

“पहिला बर्फ पडला की ही जोडी माझी,” ती रिस्पेकला म्हणाली. “पाहुणा कुठलाही येवो. आधी मी खिंडीत जाणार.”

“जाशील. मी नेतो.”

“तू नेशील, पण आधी तुझी जोडी इकडे आण. आत्ता. बघू त्यात काय लपवलंयस.”

तो आणायला गेला. तेवढ्यात तिने मागच्या भिंतीवर दोन खिळे ठोकले आणि सागिन्दिकचे दोन्ही चिमटे शिंगांसकट टांगले. खडू घेतला. बराच वेळ तो नुसता बोटांत फिरवत राहिली.

मग इतर सगळ्यांच्या खाली लिहिते तशाच अक्षरात तिने लिहिलं: ‘चौदा हिवाळे. मला सांगितलं नाही.’