भुजंगानं कोरलेला शिक्का

जालन्याच्या एका लोखंडाच्या मिलमध्ये सळईवरचा आयएसआयचा शिक्का कोरायचं काम भुजंगाकडं होतं. रोलरवर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा तापल्या सळईवर ती सुलटी उठतात. इंग्रजीचं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, पण हात असा की दृष्ट लागावी.

सुरुवातीला शिक्का खरा होता, तेवढं सांगायलाच पाहिजे. मानक संस्थेचे साहेब यायचे, सळया ताणून-वाकवून बघायचे, पास झाल्या तरच परवाना. "सत्तेचाळीस सालापासनं हाय ही संस्था. शिक्का म्हंजे सरकारचा शब्द," असं भुजंग लग्नाच्या पंगतीत मान वर करून सांगायचा. शिक्का बघितल्याबिगर लोखंड घेऊ नका, हे त्याचं पालुपद. सत्त्याऐंशी साली दिल्लीत संस्थेचं नाव बदललं, आपल्याकडं मात्र आयएसआयच राहिलं.

पुढं मिलचा माल नापास झाला आणि परवाना गेला. मालक काकासाहेब म्हणाले, "शिक्का हाय तसाच राहू द्या. कोण बघून राह्यलंय?" भुजंगाला कळत नव्हतं असं थोडंच आहे? त्यानं मान खाली घातली आणि छिन्नी उचलली. पोटाची सबब मेली सगळ्यांनाच असते.

पंगतीतलं पालुपद मात्र चालूच. बंद केलं तर लोक विचारतील ना, का बंद केलं म्हणून.

ब्याण्णव साली वडीगोद्रीला त्याच्या थोरल्या बहिणीनं, तुळजाबाईनं, घर बांधायला काढलं. पहिल्या सळईला माहेरचा हात लागावा म्हणून भावाला बोलावलं. भुजंग बघतो तर अंगणात त्याच्याच मिलच्या सळया, आणि नेमकं शिक्क्यावर हळदीकुंकू.

"दुकानदार दुसरं सस्तं दावून राह्यल्ता," तुळजाबाई कौतुकानं म्हणाली. "म्या म्हन्लं, न्हाई. माझ्या भावाच्या हातचाच शिक्का पायजे."

गवंडी मच्छिंद्र सळई वाकवत होता. तो म्हणाला, "पाव्हणं, ही कच्ची लागून राह्यली बघा."

बोलायचं ते तेव्हाच बोलायचं होतं. आक्का, ह्या वापरू नको, एवढंच. पण बोललं की गावभर होणार, मिलपर्यंत जाणार, नोकरी जाणार.

"शिक्का दिसत न्हाई का तुला?" भुजंग मच्छिंद्रावरच खेकसला. मग त्यानं पहिली तार बांधली, पुरणपोळी खाल्ली आणि जालन्याची एसटी धरली.

तिसऱ्या पावसाळ्यात दारावरचा सज्जा खाली आला. तुळजाबाई त्याच्याखाली ज्वारी निवडत बसली होती. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

आज सांगायचंच, असं ठरवून भुजंग दवाखान्यात गेला. तिनंच आधी त्याचा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नको, भुजंगा. लोखंड तुझं होतं, त्यात खोट निघायची न्हाई. गवंड्यानं सिमेंट खाल्लं. तुझ्या दाजीनं त्याला चावडीवर चपलेनं हाणलं. लेकरंबाळं घेऊन गाव सोडून गेला मेला."

भुजंगानं तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"तुझ्यादेखतच सळईला नावं ठेवत व्हता, न्हाई का? चोर तवाच वळखायला पायजे व्हता."

"व्हय, आक्का," भुजंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये रोलरवरचा झिजलेला शिक्का नव्यानं कोरायचा होता. त्यानं तो कोरला. हात जराही हलला नाही.