बारा म्हणजे बाराच! – एका वातबोगद्याची कैफियत

मी वातबोगदा बोलतोय. बोगदा म्हटल्यावर माझ्या पोटातून आगगाडी जात असेल असं समजू नका. माझ्यातून जायचा तो फक्त वारा. सोळा फूट लांब, दोन्ही टोकांना उघडी अशी मी एक लाकडी पेटी. शेपटाकडे मोठा पंखा. तो फिरला की मी पुढच्या तोंडाने हवा ओढायचो आणि मागून सोडायचो. सोडलेली हवा शेडभर फिरून पुन्हा माझ्या तोंडाशी यायची. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण ज्यांनी ठेवायला हवी होती त्यांनी ती ठेवली नाही.

१९११ साली टेम्स नदीकाठच्या एका शेडात एमॉस टकवेल नावाच्या सुताराने मला बनवलं. त्याचा मूळ धंदा होड्यांचा. माझी फळी अन् फळी त्याने अशी घासली होती की आतून बोट फिरवलं तर कुठे अडकायचं नाही.

माझे मालक लेडगार्डसाहेब. त्यांना विमानाचं वेड होतं. त्यांनी स्वतः आखलेल्या पंखाचा हातभर लांबीचा नमुना माझ्या पोटात टांगायचा. वारा सोडायचा आणि पंखाचं नाक एकेक अंश वर करत न्यायचं. पंखाला किती उचल मिळते ते बाहेरच्या काट्यावर दिसायचं. नाक जितकं वर, तितकी उचल जास्त. पण प्रत्येक पंखाला एक हद्द असते. ती ओलांडली की हवा पंखावरून सुटते आणि उचल ढासळते. माझ्याकडे नुसता काटा पडतो, आकाशात माणूस पडतो. ती हद्द किती अंशांची, हे खरंखरं सांगणं एवढंच माझं काम होतं.

मापं घ्यायला मिस पास्क होत्या. एका शाळामास्तरांची मुलगी, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली. रोज सकाळी साडेनऊला येऊन, एकट्याच काटा वाचून त्या वहीत लिहायच्या: बारा अंश. मी मनात म्हणायचो, शाब्बास.

साहेब यायचे दुपारचं जेवण उरकून. चार वाजले की टकवेलची बायको किटली घेऊन हजर. जगबुडी झाली तरी या लोकांचा चार वाजताचा चहा चुकायचा नाही. भिंतीला टेकवलेलं घडीचं टेबल उघडायचं आणि मांडायचं कुठे? थेट माझ्या तोंडासमोर! का, तर तिथे झुळूक छान लागते. वर किटली, कप, ओव्याचा वास येणारा केक आणि भोवती चार माणसांच्या पाठी. टकवेल तर बशीत चहा ओतून ती बशी निवायला माझ्या जबड्यात धरायचा. आणि सगळ्यात जवळ, खुर्ची उलटी करून, बसायचा ह्यू सॅलिस. हेच विमान तो उडवणार होता. ज्याच्या जिवासाठी माझी सगळी धडपड, तोच माझा श्वास अडवून केक खात बसलेला!

चहा घेता घेता साहेब काटा बघायचे. किटलीला, कपांना, खांद्यांना आपटून हवा माझ्या पोटात घुसळत यायची. असली घुसळलेली हवा पंखाला चिकटून राहते, उगीच लांबपर्यंत. काटा पंधरापर्यंत पडायचाच नाही.

"पंधरा!" साहेब मांडीवर थाप मारायचे. "बघितलंस सॅलिस? असा पंख अख्ख्या इंग्लंडात नाही."

"सकाळी बारा आलेत, साहेब," मिस पास्क म्हणायच्या.

"सकाळी नदीवरची ओल असते. लाकूड फुगतं."

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. टकवेलने मला पुन्हा तासलं, फटींत लांबी भरली. तरीही सकाळी बारा, दुपारी पंधरा. मग पंखा फिरवणाऱ्या पट्ट्याला दोष, मग मोटारीला, शेवटी मिस पास्कच्या डोळ्यांना. "चष्मा लावा, बाई," साहेब म्हणाले. माझा संताप संताप झाला. अहो, ते टेबल हलवा! पण माझं ऐकतो कोण? सगळ्यांना वाटायचं, फळ्या करकरतायत.

शनिवारी उड्डाण ठरलं. गावभर पत्रकं वाटली. साहेबांनी सॅलिसला बजावलं होतं, पंधरापर्यंत नाक बिनधास्त वर घे, लोकांचे डोळे दिपले पाहिजेत. पंधरा अंशांचा अहवालही त्यांनी छापायला धाडून दिला.

शुक्रवारी टकवेलची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. चार वाजले, चहा नाही. टेबल भिंतीलाच. साहेबांनी चिडून काटा बघितला तर तो बाराला कोसळलेला.

"घ्या!" ते म्हणाले. "चहा नाही म्हणून हासुद्धा रुसला."

सगळे हसले. मिस पास्क मात्र हसल्या नाहीत. पेन्सिल हातात घेऊन त्या भिंतीशी टेकवलेल्या टेबलाकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि ते उघडून माझ्या तोंडाशी मांडलं.

"टकवेल, जरा इथे बसा."

"चहा नसताना, बाई?"

"बसा हो."

पंधरा. टेबल मिटलं, बारा. उघडलं, पंधरा. तीनदा केलं. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं!

लेडगार्डसाहेबांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सहा महिने मी चहा मोजत होतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो साहेब."

साहेबांनी वही हिसकावून घेतली आणि काखेत मारून निघून गेले. मिस पास्क खाली वाकल्या आणि माझ्या डाव्या फळीवर, तळाशी, त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. सॅलिस मागे रेंगाळला होता.

"बाई, खरं सांगा. बारा का पंधरा? जीव माझा आहे."

"बारा. आणि शहाणे असाल तर अकरावरच थांबा."

तो अकरावर थांबला. विमान सरळ, शांत वर गेलं, वळलं, उतरलं. लोकांना तमाशा हवा होता. त्यांनी हुर्यो उडवली. साहेब चारचौघांत त्याला भित्रा म्हणाले आणि सोमवारी त्याची नोकरी गेली. न झालेल्या अपघाताचा पुरावा कुठून आणायचा? जाताना त्याने माझ्या तोंडात डोकं घालून हळूच म्हटलं, "थँक्यू, म्हाताऱ्या." मी तेव्हा वर्षाचाही नव्हतो, पण बरं वाटलं.

पंधरवड्याने साहेब स्वतः विमानात बसले, जगाला दाखवायला. तेरा अंशांवर विमान दगडासारखं सलगमाच्या शेतात पडलं. पाय दोन ठिकाणी मोडला.

शरद ऋतूत ते कुबड्यांवर शेडात आले. चार वाजता टकवेलच्या बायकोने नेहमीसारखं टेबल उघडलं. साहेबांनी कुबडीने ते ढकलत ढकलत थेट दाराबाहेर नेलं.

"यापुढे चहा बाहेर."

"पाऊस असला तरी, साहेब?"

"पाऊस असला तरी."

मिस पास्कची माफी त्यांनी मागितली नाही. फक्त वही परत दिली. अहवाल मात्र छापून गेला होता तो गेलाच.

पुढे माझ्यापेक्षा मोठे, लोखंडी बोगदे आले. मी अडगळीत पडलो, उंदरांनी माझ्यात तीन पिढ्या वाढवल्या. मग कुणीतरी मला उचलून संग्रहालयात आणलं. रंग दिला, पितळेची पाटी ठोकली. पाटीवर काय लिहावं? 'या बोगद्यात लेडगार्ड यांचा पंख पंधरा अंशांपर्यंत टिकतो हे सिद्ध झाले.' छापलेल्या अहवालातून उतरवून घेतलंय! शंभर वर्षं होऊन गेली, मी ते खोटं छातीवर वागवतोय. मिस पास्कचं नाव कुठे नाही. सॅलिसचंही नाही.

आणि कळस ऐका. गेल्या वर्षी या दालनात उपाहारगृह काढलं. टेबलं कुठे मांडली असतील? माझा पंखा आता फिरत नाही, माझ्या भरवशावर कुणी आकाशात जात नाही, तरी चार वाजता कपांचा खणखणाट सुरू झाला की माझ्या फळ्या करकरायला लागतात. लोक म्हणतात, जुनं लाकूड आहे, करकरणारच.

तुम्ही कधी आलात तर चहा खुशाल घ्या. पण कप हातात घेऊन माझ्या डाव्या बाजूला या आणि जरा खाली वाकून बघा. रंगवणाऱ्याला वाकायचा कंटाळा आला, म्हणून ती तळची फळी कोरीच राहिली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झालीत, तरी वाचता येतात: 'टेबल असताना १५. टेबल नसताना १२. खरे १२. – वि. पास्क.'

तेवढं मोठ्याने वाचा. शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.