हलणारा ल्यूबेन

"एवढा एक माणूस पुसून टाका, वेलिकाताई. मग प्रदर्शनातली पहिली भिंत तुमची," पानायोत म्हणाला.

पानायोत आमच्या रूसे गावच्या फोटो क्लबचा अध्यक्ष. मी चिटणीस, म्हणजे खुर्च्या लावणारा. टेबलावर वेलिकाताईंचा फोटो होता. संध्याकाळची डॅन्यूब, मागे बंदरातल्या क्रेन आणि धक्क्यावर गळ टाकून बसलेला त्यांचा नवरा, ल्यूबेन.

निवृत्तीनंतर बाईंना एचडीआरचं वेड लागलं. एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, एक काळोखा, एक मधला, एक लख्ख, आणि ते एकावर एक बसवायचे. मग आकाशही पांढरं पडत नाही आणि धक्क्याखालचा गंजही दिसतो. सुरुवातीला त्यांची नदी सरबतासारखी जांभळी व्हायची. आम्ही हसायचो. त्या पुन्हा ट्रायपॉड उचलून धक्क्यावर. वर्षभरात पाणी पाण्यासारखं दिसायला लागलं.

अट एकच, तिन्ही फोटोंत कोणी हलता कामा नये. ल्यूबेन हलला होता. एकदा बसलेला, एकदा अर्धवट उठलेला, एकदा उभा. तिघेही इतके पुसट की त्यांच्यातून मागची क्रेन दिसत होती.

"कंप्युटरवर दोन मिनिटांचं काम. चूक आहे ती."

"चूकच आहे. राहू दे."

"अहो, तुम्ही तर एक्स-रे काढणाऱ्या. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"एकतीस वर्षं अख्ख्या गावाला श्वास रोखा, हलू नका म्हणत आले. तुझ्या आईलाही म्हटलंय. सगळ्यांनी ऐकलं. घरातल्यानं कधी ऐकलं नाही. मासा लागला की उठायचाच तो." त्यांनी फोटो उचलला. "यानंतर चार दिवसांनी गेला. त्याला मी पुसू? तुझी भिंत तुला लखलाभ."

मला पानायोतचा राग आला, आणि गप्प बसलो म्हणून स्वतःचाही.

प्रदर्शन नेमकं ल्यूबेनला जाऊन सहा महिने झाले त्याच दिवशी सुरू झालं. सहा महिने झाले की गेलेल्या माणसाच्या आठवणीचा कागद दारांवर, खांबांवर लावायची आमची रीत. काळी चौकट, नाव, पासपोर्टवरचा चेहरा. तो फाडायला गावात कोणाचा हात धजत नाही. उन्हापावसानं गळेल तेव्हा गळतो.

सकाळी खुर्च्या लावायला गेलो, तर वेलिकाताई सभागृहाच्या दारावर कागद चिकटवत होत्या. काळ्या चौकटीत अख्खी डॅन्यूब आणि तीनदा ल्यूबेन. मी खालचे कोपरे धरले.

तेवढ्यात पानायोत आला. "इथं? आमच्या दारावर?"

"काढायचा तर काढ," त्या म्हणाल्या. "मी बघत उभी आहे."

त्यानं हात वर नेला. तो टोपीपाशी थांबला. टोपी काढून तो आत गेला.

वेलिकाताई ट्रायपॉड खांद्यावर टाकून धक्क्याकडे निघाल्या, मागं वळून न बघता. उद्घाटनाला येणारा प्रत्येक जण दारापाशी थांबायचा, नाव वाचायचा, मग दार ढकलायचा. दार ढकललं की ल्यूबेन पुन्हा हलायचा.