सोळा खुणांची नक्षी

नाथाजींच्या हातातला चिंचेचा बोळा पाटीवरच थांबला. त्यांनी बोट मागे नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. टिंब, रेघ. जरा मोकळी जागा. टिंब, रेघ, टिंब. पुन्हा मोकळी जागा. पुढचं बोटानं आपोआप वाचलं.

जलशोध मंडळाच्या साताऱ्यातल्या कचेरीचे ते शिपाई. त्याआधी पंधरा वर्षं पलटणीत बिनतारी संदेशाच्या कामावर होते. टिंबं आणि रेघांची ती भाषा त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती, की त्यांची बायको अंबूबाई म्हणायची, "जेवताना तरी ताट वाजवू नगासा." कचेरीत मात्र त्या विद्येचा काडीइतकाही उपयोग नव्हता. साहेबाची बेल वाजली की उठायचं आणि पत्रांवर शिक्के मारायचे, एवढंच.

आज दुपारी तीनला मोठे साहेब येणार होते. म्हणून सांगलीहून घडवून आणलेली नवी पितळी पाटी दारावर बसवली होती आणि नाथाजी ती सकाळपासून घासत होते. पाटीवर मंडळाचं बोधचिन्ह चांगलं ताटाएवढं उठवलेलं होतं. मध्ये पाण्याचा थेंब आणि भोवती गोल नक्षी, आठ टिंबं, आठ रेघा. टिंबं म्हणजे थेंब आणि रेघा म्हणजे पाट, असा अर्थ आरेखक रहिमाननं चार वर्षांपूर्वी सांगितला होता, आणि तेव्हाचे साहेब त्यावर खूश झाले होते.

पण थेंबाच्या टोकापासून सुरू केलं तर ती नक्षी नव्हती. ती सहा इंग्रजी अक्षरं होती. अर्जुना.

नाथाजी पायरीवर खाली बसले. हात राखेनं आणि चिंचेनं बरबटलेले होते, ते धुवायचंही त्यांना सुचलं नाही. हे नाव त्यांना चांगलंच ठाऊक होतं. या नावाचा कोणी माणूस मंडळाच्या कामावर कधीच नव्हता, अशी पत्रं गेली चार वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं पाकिटात घातली होती. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर हेच चिन्ह, चार आण्याएवढं, छापलेलं. पत्रांचा गठ्ठा समोर आला की हात चालायचा आणि डोळे घड्याळाकडे असायचे. त्या चिन्हाकडे त्यांनी कधी धड पाहिलंच नव्हतं.

ती पत्रं जायची कवठे महांकाळ तालुक्यातल्या विजयमालाबाईंना. दुष्काळात त्या भागात मंडळाची विंधन विहिरींची छावणी होती. तिथं लोखंडी पाइप निसटला आणि माझा मालक गेला, असं बाईंचं म्हणणं होतं. हजेरीपटात नाव नाही, असं कचेरीचं म्हणणं होतं. बाई दर दोन-तीन महिन्यांनी एसटी बदलत साताऱ्याला यायच्या आणि नाथाजी त्यांना दारातूनच परत पाठवायचे. साहेब फिरतीवर आहेत, असं सांगायचे. कधी कधी साहेब आत चहा पीत असायचे.

पण नाथाजींच्या मनाला खरी टोचणी होती ती पहिल्या चौकशीची. तेव्हा ते दाराशी उभे होते. साहेबांनी बाईंना विचारलं, "मयताचं नाव काय?" बाईंनी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. साहेबांनी तीनदा विचारलं. अर्जात नाव होतं, पण ते बाईंच्या तोंडून यायला हवं, असा त्यांचा हट्ट. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं, अर्जदार बाई मयताचे नाव सांगू शकल्या नाहीत. साहेब लांबचे, मोठ्या शहरातले. आपल्याकडची बाई मेलेल्या नवऱ्याचंही नाव तोंडानं घेत नाही, हे त्यांना ठाऊक नसावं. नाथाजींना ठाऊक होतं. अंबूबाईनं तीस वर्षांत एकदाही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण साहेबापुढे शिपायानं तोंड उघडायचं नसतं, म्हणून ते भिंतीसारखे उभे राहिले, आणि त्या एका ओळीवर सगळं प्रकरण अडलं.

ते उठले आणि तसेच वर रहिमानच्या खोलीत गेले. रहिमान नकाशावर वाकून बारीक रेघा ओढत होता. मान खाली घालून येणारा, मान खाली घालून जाणारा माणूस. कचेरीत त्याला सगळे गरीब गाय म्हणत. नाथाजींनी टेबलावर बोटाच्या पेरानं सोळा खुणा वाजवल्या.

रहिमानची लेखणी थांबली आणि नकाशावर शाईचा मोठा डाग पडला. डाग पसरत गेला तरी त्यानं तो टिपला नाही.

"कुणी सांगितलं तुमाला?" त्यानं विचारलं.

"पाटीनं. आता तू सांग."

रहिमाननं दार लोटून घेतलं. "मी त्या छावणीवर हुतो, नाथाजीराव. अर्जुना पलटणीतनं आल्याला, तुमच्यासारखाच बिनतारीवाला. संध्याकाळी काम थांबलं की लोखंडी पान्यानं पाइपावर वाजवून मला शिकवायचा. पयलं माझं नाव शिकवलं, मग त्येचं."

"मग हजेरीपटात त्येचं नाव कसं न्हाई?"

"मंजुरी यायच्या आधीच कामावर घेतल्याला. तो गेला तवा सगळ्यांचीच गाळण उडाली. पान फाडलं आन नवं लिवून काढलं." रहिमान आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. "माझं अक्षर बरं म्हनून मला बसवलं. ते नवं पान माझ्या हातचं हाय. वीस नावं लिवली, एकविसावं न्हाई लिवलं. घरात चार लेकी, नोकरी कच्ची. लिवलं न्हाई."

नाथाजी त्या हाताकडे बघत राहिले. ज्याला आपण गरीब गाय म्हणत होतो त्यानं हे केलं होतं, आणि आपणही काही वेगळं केलं नव्हतं.

"म्हैन्यानं चिन्ह काढायला सांगितलं," रहिमान म्हणाला. "तवा घातलं त्येचं नाव, सायबांच्या देखत. वाटलं, हजेरीपटातनं काढलं, पर आता मंडळाच्या हरेक कागदावर ऱ्हाईल. कुणी वाचलं तर काय, ह्येची धास्ती. आन कुणीच वाचंना, त्येची बी."

"तिला 'असा मानूस न्हवता' म्हनून पत्र धाडायचं, आन त्येच पत्रावर त्येचं नाव." नाथाजींचा आवाज चिरकला. "आरं, ही कसली चेष्टा केलीस रं गड्या?"



पावणेतीनला विजयमालाबाई आल्या. हातात कापडी पिशवी, पायांवर धूळ. आज मोठे साहेब त्यांचं ऐकून प्रकरण कायमचं बंद करणार होते. हे ठरल्यासारखंच होतं, नाथाजींनी साहेबांच्या टेबलावर लिहून तयार ठेवलेला कागद पाहिला होता.

"आवं मामा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आज म्या नाव घेनार. सासूला इचारून आले. म्हनली, घे, द्येव बघून घेईल."

नाथाजींनी नुसती मान हलवली. पाटीचं सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण सांगितलं तर रहिमानची नोकरी गेलीच. तेवढ्यात मोठे साहेब येऊन आत गेले आणि बेल वाजली.

आत मोठे साहेब फाइल चाळत होते. त्यांनी वर न पाहता विचारलं, "मयताचं नाव?"

बाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले. पुन्हा हलले. गळ्याची शीर ताठ झाली आणि डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज आला नाही. सासूची परवानगी मिळाली होती, तरी वीस वर्षांची सवय गळ्यात आडवी उभी होती.

"मागेही असंच झालंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"अर्जुना जोतिबा," दारातून आवाज आला.

खोलीतले सगळे वळले. बोलणारे आपणच आहोत, हे नाथाजींना त्यांच्या नजरांवरून कळलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"सायब, आमच्यात बाई मालकाचं नाव घेत न्हाई. म्हाईत नसतं म्हनून न्हवं. मागच्या खेपंला मी हितंच हुतो, बोललो न्हाई. ती माझी चूक."

"आणि तुला कसं माहीत, तो माणूस कामावर होता ते?"

रहिमानचं नाव घ्यायचं नाथाजींच्या जिवावर आलं. मागे पावलं वाजली. रहिमान वरून खाली आला होता, हाताला लागलेली शाई तशीच.

"मी सांगतो, सायब," तो म्हणाला. "त्येचं नाव मी गाळलं. आन त्येचं नाव आपल्या पाटीवर बी मीच घातलंय."

साहेब उठून बाहेर आले. रहिमान एकेका खुणेवर बोट ठेवत अक्षरं सांगत गेला. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. आत परत येताच टेबलावरच्या पत्राकडे, पाकिटांकडे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे त्यांची नजर गेली. सगळीकडे ते चिन्ह होतं.

मग त्यांनी तयार कागद बाजूला सारला आणि फाइलमध्ये स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. नुकसानभरपाईचं पुढे पाहू, म्हणाले. रहिमानला लेखी जबानी द्यायला आत बसवलं.

"ती पाटी उतरवा," ते नाथाजींना म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

नाथाजी पेचकस घेऊन बाहेर आले. विजयमालाबाई पाटीसमोर उभ्या होत्या.

"मामा, कुठनं सुरू हुतं?"

नाथाजींनी थेंबाच्या टोकाशी बोट टेकवून दाखवलं. बाईंनी आपलं बोट तिथं ठेवलं. टिंबाशी थांबायचं, रेघेवरून ओढायचं. पाटी अजून उन्हानं गरम होती. बाईंचे ओठ मिटलेले होते आणि बोट हळूहळू पुढे चाललं होतं.

वर्तुळ पूर्ण झालं तशी त्यांनी पिशवीतला पत्रांचा गठ्ठा काढला, एकोणीस पत्रं, घडीवर घडी घातलेली. "ह्यांच्यावर बी हाय?"

"सगळ्यांवर हाय."

"म्या चुलीत घालनार हुते ही." त्यांनी गठ्ठा पुन्हा नीट बांधला, पिशवी काखेत धरली आणि बोट परत थेंबाच्या टोकाशी नेलं.

आतून साहेबांची बेल वाजली. नाथाजी हलले नाहीत. बेल पुन्हा वाजली.

"तुमी वाचा सावकास," ते म्हणाले आणि पेचकस खिशात ठेवून दारासमोर आडवे उभे राहिले.