गाण्याचा उतरलेला खांदा

बाबांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची, कारण ते शिंपी होते. दुकान बंद केलं तरी त्यांची ती नजरेची सवय सुटली नव्हती. दारात पाहुणा आला की आधी त्याच्या कोटाचे खांदे बघायचे, मग चेहरा. आता त्यांचा सगळा जीव पुढच्या खोलीतल्या स्टिरिओत होता. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्यावर रेकॉर्ड प्लेअर, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे लाकडी स्पीकर आणि समोर बरोब्बर मध्यावर बाबांची खुर्ची. ती टेपनं मापून ठेवलेली असायची. केर काढताना ती जरा सरकली की मला बोलणी बसायची.

एका संध्याकाळी बाबांनी गाणं अर्ध्यातच थांबवलं.

"डावा खांदा उतरलाय," ते म्हणाले.

"कुणाचा?" मी विचारलं.

"गाण्याचा. डावा स्पीकर दबून वाजतोय."

मला काही फरक कळला नाही. पण बाबांपुढे तसं म्हणायची सोय नव्हती. दादानं उत्साहानं स्पीकरच्या वायरी काढल्या, टोकं सोलली, परत बसवल्या. त्यानंतर गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाजायला लागलं. मग मेकॅनिक आला, अ‍ॅम्प्लिफायर काखोटीला मारून घेऊन गेला आणि आठवडाभरानं परत आणून म्हणाला, "मास्तर, मशीन ठणठणीत आहे."

तो जिना उतरतो न उतरतो तोच बाबा म्हणाले, "याच्या कानात बोळे आहेत."

तेव्हा वहिनी पुढे आली. ती या घरात नवीनच होती. पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालचे नळ कुठे गळतात ते शोधायचं काम करायची. रस्त्यावर वाकून, लांब दांडीला कान लावून उभी असायची म्हणे. दादा पहिल्यांदा तिला तिथेच भेटला होता आणि त्याला वाटलं होतं, बाईचं काहीतरी हरवलंय.

"बाबा, मी बघू का?"

बाबांनी तिच्या हातांकडे पाहिलं. "एकदम सगळं उचकटणार नाहीस ना?"

"छे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही."

हे उत्तर बाबांना पटलेलं दिसलं. ते खुर्चीत बसले.

वहिनी टॉर्च घेऊन स्पीकरच्या मागे शिरली आणि लगेच हसली. दादानं एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. "एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. म्हणून आवाज पोकळ येतोय." तिनं त्या सरळ केल्या आणि ढोलकी परत पोटातून वाजायला लागली. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मग तिनं आवाजाचं बटण फिरवून पाहिलं, ते खरखरत होतं. वीज बंद करून तिनं ते क्लीनरच्या फवाऱ्यानं साफ केलं. गाणं इतकं स्वच्छ झालं की गायिका कुठे श्वास घेते तेही मला ऐकू आलं.

"आता?" तिनं विचारलं.

"छान," बाबा म्हणाले. "पण डावा खांदा उतरलेलाच आहे."

वहिनीनं डावी-उजवी वायर एकमेकींच्या जागी लावली. तक्रार डावीकडेच. मग स्पीकर उचलून त्यांच्या जागा बदलल्या. तरी डावीकडेच. ती जराशी थांबली, खोलीत एकवार नजर फिरवली आणि म्हणाली, "बाबा, खुर्ची फिरवू? भिंतीकडे तोंड करून बसा."

"गाण्याकडे पाठ?" बाबा कुरकुरले, पण बसले. आता इतका वेळ उजवीकडे असलेला स्पीकर त्यांच्या डाव्या हाताला आला होता.

"आता कोणता दबलाय?"

"डावा," बाबा म्हणाले.

मला काहीच समजलं नाही. वहिनीला समजलं. पण ती एवढंच म्हणाली, "आज इथवर पुरे, बाबा. मी विचार करते," आणि खुर्ची टेपनं मापून जागेवर ठेवली.

स्वयंपाकघरात तिनं आम्हाला सांगितलं. "स्पीकर बदलला, वायर बदलली, तरी बाजू तीच. बिघाड पेटीत नाही, बाबांच्या डाव्या कानात आहे."

दादा म्हणाला, "मग बॅलन्सचं बटण थोडं डावीकडे फिरवून ठेव ना. त्यांना कळणारही नाही, खूश होतील."

"गाणं सरळ होईल," वहिनी म्हणाली. "आणि रोज रस्ता ओलांडतात, तेव्हा डावीकडून गाडी आली तर? ती कोणतं बटण फिरवेल?"

खरं सांगायचं तर बाबांना हे सांगायची छाती आम्हा दोघांचीही नव्हती. वहिनीनं दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या समोर स्टूल ओढलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. आवाज चढवला नाही, जवळ जाऊन ओरडलीही नाही.

बाबा भडकले. "माझे कान? पन्नास माणसांच्या गर्दीत मी सुई पडलेली ऐकलीय!"

"ऐकली असेल," ती म्हणाली. "पण बाबा, मी कालपासून मनात शंभरदा पडताळलंय. मी चुकले असले तर मलाच आनंद होईल."

पुढे काही दिवस ते तिच्याशी तुटक बोलत. ती मात्र नेहमीसारखाच चहा पुढे ठेवायची. न रुसली, न मिनतवाऱ्या केल्या. मग एका दुपारी मी पाहिलं, बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं होतं. ते उजव्या कानाशी धरायचे, मग डाव्या कानाशी. किल्ली देऊन पुन्हा डाव्या. शेवटी घड्याळ मनगटावर बांधून ते उठले आणि वहिनीच्या दाराशी जाऊन म्हणाले, "चप्पल घाल. कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."

डॉक्टरांनी आधी कानातला मळ काढला, मग तपासणी केली. मळ थोडाच होता, आतली नसच कमजोर झाली होती. इलाज म्हणजे कानाचं यंत्र. घरी आल्यावर त्यांनी दादाला बजावलं, "त्या मेकॅनिकला चहाला बोलाव. मी त्याला नाही नाही ते बोललोय." मेकॅनिकला यातलं काही माहीतच नव्हतं, तरी तो आला आणि दोन कप पिऊन गेला.

यंत्राशी त्यांचं जमायला वेळ लागला. "तुम्ही लोक भांडी एवढ्या जोरात आपटता?" ही पहिली तक्रार. पण रस्ता ओलांडताना ते आता डावीकडे मान वळवून थांबायला लागले.

त्याच आठवड्यात रात्री जेवायला बसताना त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "ऊठ जरा, पलीकडे सरक." मी सरकले. त्यांनी वहिनीला हाक मारून उजव्या हाताची खुर्ची पुढे ओढली.

"तू इथं बस. तू बोलतेस ते मला नीट ऐकायचंय."