सूत्रातला राहिलेला कंस

टाइल्स बनवणारी ती कंपनी भागूच्या चांगल्या शेअरांच्या यादीत यायलाच नको होती. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली, त्यात बँकेचा हप्ता चुकवल्याची बातमी सकाळीच आली होती. तरी सहा नावांच्या यादीत ती पहिल्या नंबरावर ऐटीत बसलेली. आणि आत्यानं निवृत्तीची सगळी पुंजी याच सहा नावांत घातली होती, निम्मी तर एकट्या पहिल्या नंबरात.

भागू हे काही खरं नाव नव्हे. आईमाघारी तिला वाढवणाऱ्या आत्यानं ‘भित्री भागूबाई’चं आखूड करून ठेवलेलं. पुढं शेअर दलालाच्या ऑफिसात नोकरी लागली, चांगले शेअर निवडून काढायची सूत्रं ती लिहायला लागली, तरी ना नाव सुटलं ना भीती.

सूत्रात अटी तीनच होत्या. भाव वर्षातल्या तळाजवळ किंवा नफा वाढता, आणि कर्ज कमी. तिनं संगणकावर एकेक अट सुटी करून चालवली. नुसतं ‘कर्ज कमी’ विचारलं, तर टाइल्सवाली गायब. ‘नफा वाढता आणि कर्ज कमी’, तरी गायब. पुढं ‘भाव तळाजवळ किंवा’ जोडलं मात्र, बाईसाहेब हजर!

संगणक ‘आणि’ आधी सोडवतो, ‘किंवा’ मागाहून. पहिल्या दोन अटींभोवती कंस घालायचा राहिला होता. त्यामुळं कर्जाची अट एकट्या नफ्याला चिकटली, आणि भाव पडलेल्या कंपन्या कर्जाचं काही न विचारताच आत आल्या. तिनं कंस घालून पुन्हा चालवलं. सहातलं एकच नाव उरलं.

तिनं लगेच आत्याला फोन लावला.

“आत्या, तुझे शेअर विकायचेत, आत्ताच! तुझं खातं उघडायला तुझ्या फोनवर नंबर येईल, तेवढा सांग.”

“झालं का सुरू? गॅस तीन-तीनदा बघणारी तू! पडलाय तो भाव चढेल परत. ठेव, मी कपडे वाळत घालतेय.”

भित्र्या माणसाची हीच पंचाईत. खरोखरचा वाघ आला तरी लोक म्हणतात, हिला मांजर दिसलं असेल. भागू चपला कशाबशा पायात सरकवून घराकडं धावत सुटली.

आत्या गॅलरीत चादर झटकत होती. सगळा जन्म इस्पितळात गेला होता तिचा, वॉर्डची मुख्य नर्स म्हणून. भागूला धाप लागली होती.

“आत्या, तुझ्या वॉर्डात कोणाला घ्यायचं? ताप असलेले किंवा जखम झालेले. पण साथीचा आजार दोघांनाही नको. बरोबर?”

“बरोबर. मग?”

“दारावरच्या बाईनं आजाराचं फक्त जखमवाल्यांना विचारलं. तापवाले न तपासताच आत सोडले.”

आत्याचा चादर झटकणारा हात थांबला. “न तपासता? अगं, सगळा वॉर्ड जाईल की!”

“ती दारावरची बाई मीच आहे, आत्या.”

आत्या तिच्याकडं वळली. “किती सोडलेस?”

“सहातले पाच.”

मग आत्यानं कपड्यांची बादली तिथंच टाकली आणि फोन शोधायला घरात पळाली. आलेला नंबर तिनं वाचला, भागूनं तो आपल्या फोनवर घालून विक्री लावली. चार नावं तोट्यात का होईना, खपली. टाइल्सवाली राहिली. पडद्यावर विकणाऱ्यांचा आकडा फुगत चालला होता, आणि घेणाऱ्यांच्या बाजूला नुसतं शून्य.

“म्हणजे काय गं?”

“कुणी घ्यायलाच तयार नाही. बाजारात एका दिवसात भाव याच्याखाली उतरू देत नाहीत. उद्या उघडेल तो आणखी खाली.”

“उद्या तरी येईल ना घेणारा?”

भागूला हो म्हणायचं होतं. ती पडदा पुन्हा पुन्हा ताजा करत राहिली.

आत्या सरकून तिला अगदी खेटून बसली. पडद्यावरचं शून्य हलत नव्हतं.

“भागू,” आत्या हळूच म्हणाली, “मला भीती वाटतेय गं.”